नववं घर

"अहो, ते आपल्याच फाटकात वळले," फिलू खिडकीतून म्हणाली.

मी ओटीवर कोयत्याला धार लावत बसलो होतो. ईस्टरनंतरचा शनिवार, दुपारचे तीन, आणि ऊन असं की अंगणातल्या कोंबड्यासुद्धा पाण्याच्या टाकीखाली जाऊन बसलेल्या. रस्त्याने आळीतले लोक गात येत होते. ते पुढे जुझेकाकाकडे जाणार हे मला ठाऊक होतं, म्हणून मी मान वर केली नव्हती. गाणं आमच्या फाटकापाशी आलं आणि विस्कटलं. पुढचे गप्प झाले, मागचे अर्धं कडवं ओढत राहिले, मग तेही थांबले.

आता मी पाहिलं. सगळ्यांच्या पुढे कात्रीनमावशी होती. साधं पातळ, डोक्यावर पदर, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेली दयासागर येशूची तसबीर. ती सरळ आमच्या दाराकडे चालत येत होती. मी कोयता तिथेच टाकला, घरात आलो, दार लावलं आणि वर अडसर घातला.

"तसबीर आहे तिच्या हातात," फिलू म्हणाली.

"असू दे. आपल्याकडे यायची नाही ती."

या गोष्टीला सव्वीस वर्षं झाली. मी आता बहात्तरचा आहे. गुडघे गेलेत, पण डोकं शाबूत आहे, आणि त्या दोन दिवसांतलं काहीही मी विसरलेलो नाही.

आमची तरवडआळी वसईच्या पट्ट्यातली, केळी आणि पानवेलीच्या वाड्यांमध्ये वसलेली. आळीत बेचाळीस घरं, सगळी ख्रिस्ती. गुड फ्रायडेपासून नऊ दिवस ती तसबीर रोज एकेका घरी मुक्कामाला जायची. कोणाचं घर कितवं, हे झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, चिठ्ठ्या टाकून ठरायचं. रोज दुपारी तीनला, येशूने प्राण सोडला त्या वेळेला, दयेची माळ, म्हणजे जपमाळेवरची दयेची प्रार्थना, म्हणून तसबीर पुढच्या घरी निघायची. नियम एकच, पण कडक. तसबीर हातातून हातात जायची. देणारा निघाला की घेणाऱ्याच्या दारापर्यंत ती त्याच्याच हातात. मध्ये जमिनीला, बाकाला, कशालाही टेकवायची नाही, आणि घेणारा हात त्या घरातल्या कर्त्या माणसाचाच. नवव्या घराचा मान सगळ्यात मोठा. दुसऱ्या दिवशी, दयेच्या रविवारी, सगळी आळी त्या घरून मिरवणुकीने तसबीर देवळात न्यायची. आम्ही वसईचे ख्रिस्ती चर्चला देऊळच म्हणतो.

त्या वर्षी आठवं घर कात्रीनमावशीचं होतं आणि नववं जुझेकाकाचं. जुझेकाका म्हणजे आळीचा पुढारी. घराला चुना काढून, दारात मोगऱ्याच्या पाकळ्यांचा सडा घालून तो वाट बघत होता. त्याची सून सकाळपासून वडे तळत होती. माझ्या नावाची चिठ्ठी मात्र सलग दुसऱ्या वर्षी टाकलीच नव्हती. मला कोणी तसं सांगितलं नाही, मी कोणाला विचारलं नाही.

का टाकली नव्हती तेही सांगतो. त्याच्या दोन वर्षं आधी आमच्या भागात केळीचे घड चोरीला जाऊ लागले. माझे एका महिन्यात अकरा गेले. मी डोक्यात राख घालून घेतली आणि वाडीच्या कुंपणाला विजेची तार लावली. रात्री चालू, पहाटे बंद. लोकांनी सांगितलं, इनास, असं करू नको. मी म्हटलं, ज्याला भीती वाटते त्याने माझ्या वाडीत शिरू नये. आणि मग एके सकाळी कात्रीनमावशीचा मुलगा रॉक त्या तारेला चिकटून मेला. एकुलता एक, बावीस वर्षांचा. शेजारचीच वाडी त्यांची, आल्मेडांची.

मी पोलिसांना सांगितलं, चोर होता, रात्री शिरला. त्याच्या कमरेला कोयता होता, तो पोलिसांनी पुरावा म्हणून जमा केला. आमच्याकडे सकाळी घराबाहेर पडणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या कमरेला कोयता असतो, पण हे पोलिसांना कोण सांगणार. कात्रीनमावशी पोलिसांना, वकिलांना, भेटेल त्याला एकच सांगत राहिली, की तो सकाळी सहाला चहा पिऊन निघाला होता. आईचं बोलणं कोण धरतं. त्यात भर म्हणजे रॉक गेल्यावर चोऱ्या थांबल्या. चोर तारेला घाबरून थांबले असतील, पण लोकांना दोन अधिक दोन करायला वेळ लागत नाही. म्हणजे झालं असं की आळी मला खुनी म्हणून टाळत होती आणि मावशीला चोराची आई म्हणून. माझ्यावर केस चालू होती, मी जामिनावर होतो. माझा वकील म्हणायचा, तोंड उघडलंत की आत गेलात, मिटून राहिलात तर सुटलात. मी मिटून राहिलो होतो.

बाहेर जुझेकाकाचा आवाज आला.

"कात्रीन, घर चुकलं तुझं."

"नाय चुकलं."

"अगो, नववं घर माझं हाय. इथं कुठं शिरलीस?"

"मला ठाऊक हाय कुठं शिरले ते."

मग बराच गलका झाला. कोणी म्हणालं, फादरना बोलवा. कोणी म्हणालं, हिच्या डोक्यावर ऊन चढलंय. जुझेकाका तसबीर घ्यायला पुढे झाला असावा, कारण मावशी म्हणाली, "हात लावू नकोस जुझे. नियम तूच शिकवलास आम्हाला." त्याची पावलं मागे सरली. तिने दारावर पायाने थाप मारली. हात मोकळे नव्हते ना तिचे.

"इनास, दार उघड."

मी आतून ओरडलो, "घेऊन जा ती. मला कोणाची दया नको, तुझी नको आणि त्याचीही नको."

मी एवढं वाईट बोललो होतो की पोरांनीसुद्धा कुजबूज थांबवली. मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, दोन वर्षांत पहिल्यांदा मला छाती भरून श्वास घेतल्यासारखं वाटलं. लोकांनी वाळीत टाकलं की माणूस एक तर वाकतो नाहीतर ताठतो. मी ताठलो होतो. देवळात जाणं सोडलं होतं, रस्त्यात समोरून कोणी आलं की मुद्दाम मधून चालायचो. फिलू बिचारी एकटीच मिस्साला जायची आणि शेवटच्या बाकावर बसून यायची.

मावशी उत्तर द्यायला थांबलीच नाही. तिने दयेची माळ सुरू केली. दारात उभी राहून, एकटीने. चार-पाच बायकांनी साथ दिली, मग उन्हाने त्याही आंब्याखाली सरकल्या असाव्यात, कारण आवाज लांबून येऊ लागले. मावशीचा मात्र दारातूनच येत होता. आमची ओटी पश्चिमेला, तीन वाजता तिथे ऊन पाठीत शिरतं. आणि ती तसबीर म्हणजे सागवानी चौकट, वर काच, भरल्या कळशीएवढं वजन. मावशी बासष्ट वर्षांची.

"तुम्ही उघडत नसाल तर मी उघडते," फिलू म्हणाली.

"उघडून करशील काय? तुझ्या हातात ती देणार नाही."

"निदान पाणी तरी देईन."

मी दाराला पाठ लावून उभा राहिलो. फिलू माझ्याकडे बघत उभी राहिली. लग्नाला बावीस वर्षं झाली होती आमच्या, पोरबाळ नव्हतं, आणि त्या बाईने माझ्याकडे कधी तसं पाहिलं नव्हतं. मी नजर वळवली आणि दाराच्या फटीतून बाहेर पाहिलं. मला फक्त मावशीचे हात दिसले. कोपरं थरथरत होती. चौकटीची एक बाजू खाली उतरत चालली होती, ती मावशी मनगटाने वर ढकलायची, की पुन्हा उतरायची. तोंडाने प्रार्थना चालूच. माळेची दहा-दहा मण्यांची पाच दशकं संपली आणि तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मी अडसर काढला. दया आली म्हणून नव्हे. तिला चार शब्द सुनवावेत आणि विषय संपवावा म्हणून.

दार उघडलं तसे आंब्याखालचे लोक उठून पुढे आले. मावशीचा चेहरा लालभडक झाला होता, ओठ सुकले होते. मी म्हणालो, "मावशी, कशाला आलीस? सगळ्या गावासमोर मला माफ करायला? आणि मी तुझ्या पाया पडायचं? ते नाटक माझ्या दारात नको."

"तुला माफ कोण करतंय?" ती म्हणाली.

मी काढलेला अडसर भिंतीला टेकवून ठेवला.

"मी नाय केलं तुला माफ," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, ती मला एखादी साधी गोष्ट समजावून सांगत होती. "दोन वर्षं रोज तीनला माळ हातात घेते. साऱ्या जगावर दया कर म्हणते. नि म्हणताना तुझं घर वगळते. मनातल्या मनात वगळते, पण ज्याला ऐकू जायचं त्याला जातंच. लई प्रयत्न केला इनास. माझ्याने नाय होत. म्हटलं, माझ्याने होत नाय ते ह्याने करावं. ते ह्याचं काम हाय, माझं नाय. म्हणून ह्याला घेऊन आले. आता तू नि तो काय ते बघा."

"आणि मी नाही घेतली तर?"

"तर मी हितंच उभी हाय."

ती उभी राहिली असती. तिला मी लहानपणापासून ओळखत होतो, ती पडेपर्यंत उभी राहिली असती. पण तेवढी वेळ आलीच नाही. तिचं डावं मनगट सुटलं, चौकट तिरपी झाली, आणि माझे हात आपोआप पुढे गेले. घेतली म्हणण्यापेक्षा सावरली मी ती. पण मावशीने तेवढ्यात दोन्ही हात काढून घेतले आणि एक पाऊल मागे सरली. तसबीर माझ्या हातात राहिली, सगळ्या आळीच्या देखत.

"घेतली त्याने," ती मागे वळून जुझेकाकाला म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "उद्या तीनला." आणि फिलूने आणलेलं पाणी उभ्या उभ्या पिऊन ती निघून गेली.

जुझेकाका मला काय काय बोलला ते सांगत बसत नाही. नवव्या घराचा विटाळ झाला इथपर्यंत त्याची मजल गेली. मी दार लावून घेतलं.

तसबीर कुठे ठेवावी तेच मला कळेना. फिलूने टेबल पुसलं, त्यावर तिची लग्नातली चादर घातली, दोन मेणबत्त्या लावल्या. मग तिने होत्या नव्हत्या तेवढ्या चटया काढल्या, खोलीत अंथरल्या आणि कोकमाचं सरबत करून पातेलंभर ठेवलं. नवव्या घरी संध्याकाळी माळ म्हणायला सगळी आळी येते, माणसं अंगणात बसतात इतकी येतात. सात वाजले. आठ वाजले. एक माणूस आला नाही. फिलू एकटीच गुडघे टेकून बसली आणि माळ म्हणून मोकळी झाली. मी आतल्या खोलीत खाटेवर पडून ऐकत होतो. चटया गोळा करतानाचा आवाज आला तेव्हा माझा असा संताप झाला की घराघरात जाऊन एकेकाची गचांडी धरावी. माझ्याशी काय वागायचं ते वागा, हिने तुमचं काय घोडं मारलंय?

सकाळी मी उठलो तेव्हा फिलू तसबिरीसमोर स्टूल घेऊन बसली होती. रविवार असून मिस्साला गेली नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, आज दुपारीच जाईन, तसबिरीबरोबर. मी म्हणालो की तसबीर जुझेकाकाच्या हाती देऊन टाकू, तो नेईल मिरवणुकीने, मला मिरवायची हौस नाही. थोड्या वेळाने तिने विचारलं, "पंप कोणी बंद केला होता?"

मी बशीत चहा ओतत होतो. तो बशीबाहेर गेला.

"कुठला पंप?"

"रॉक गेला त्या दिवशीचा." ती तसबिरीकडेच बघत होती. "त्या दिवशी तुम्ही पहाटे पंप चालू केलात, आणि टेम्पो आला म्हणून घाईने बाजाराला गेलात. पंप तसाच राहिला, तारही तशीच राहिली. तारेचं मला नंतर कळलं. पण पंपाचा आवाज मी चुलीपाशी बसून ऐकत होते. सात वाजत आले तरी चालूच. म्हटलं, पाणी आता आल्मेडांच्या पानवेलीत शिरणार, सगळा वेल कुजणार. मी पायात चपला घातल्या. वाडीत जायला निघाले, आणि पंप बंद झाला."

मी सांडलेला चहा हाताने पुसू लागलो.

"मला वाटलं, कोणीतरी बंद केला, देव त्याचं भलं करो. असं म्हटलं मी, इनास. आणि चपला काढून परत भाकऱ्या टाकायला बसले." तिने कधी मला नावाने हाक मारली नव्हती. "तुम्ही पोलिसांना सांगितलंत, त्या दिवशी पंप चालवलाच नव्हता. मी तुमच्या मागे उभी होते. मी गप्प बसले, कारण तुम्हाला घेऊन जातील याची भीती वाटली. दोन वर्षं मी शेवटच्या बाकावर बसते, ती तुमच्यामुळे नाही. त्याने पंप बंद केला नसता तर मी गेले असते वाडीत. जवळची वाट कुंपणातूनच आहे. ती तार मला लागायची होती."

मला माहीत होतं. हे सगळं नाही, चपलांचं नाही, पण पंपाचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. टेम्पोत बसल्यावर मला तार आठवली होती. मी वाटेत उतरलो आणि उलटा पळत आलो. आधी तार बंद केली, मग त्याला पाहिलं. आणि मग मी पंपाच्या खोलीकडे पाहिलं. पंप बंद होता. दाराला कडी घातली होती, कडीत खिळा अडकवलेला होता, मी अडकवतो तसाच. चोरी करायला आलेला माणूस दुसऱ्याचा पंप बंद करून, दाराला कडी घालून जात नाही. केळीचा एकही घड कापलेला नव्हता. आत तो रस्त्याकडच्या फाटकातून आला असावा, परतताना कुंपणातली जवळची वाट धरली. लोक धावत आले तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो चोर. घाबरलो होतो म्हणून निघाला. पण घाबरून निघालेला शब्द मी दोन वर्षं शुद्धीत राहून पाळला होता, आणि फिलू तो माझ्याबरोबर पाळत होती.

त्या दिवशी घरात जेवण शिजलं नाही. दुपारी मी अंघोळ केली, पांढरा सदरा घातला. फिलूने विचारलं नाही की मी काय ठरवलंय, आणि खरं तर मी काही ठरवलंही नव्हतं. मला फक्त एवढंच कळलं होतं की ती तसबीर आता दुसऱ्या कोणाच्या हातात द्यायची नाही.

अडीचला मी बाहेर पडलो. आळी जमली होती, पण आमच्या अंगणात कोणी पाऊल टाकलं नव्हतं. सगळे रस्त्यावर उभे होते, सणाचे कपडे घालून, चेहरे पाडून. जुझेकाका पुढे आला. म्हणाला, "दे हिकडं इनास, झाली तेवढी शोभा पुरे. मी नेतो."

"आता घेणारा हात फादरचा," मी म्हणालो. "नियम आहे."

त्याला बाजूला व्हावं लागलं. मी चालू लागलो, माझ्या बाजूला फिलू. लोकांनी मागे येऊ नये तर तसबिरीचा अपमान, यावं तर इनासच्या मागे चालल्यासारखं होतं. शेवटी ते आले, पण बरंच अंतर ठेवून आणि तोंडातून शब्द न काढता. बँडवाल्यांनीसुद्धा वाजवलं नाही. आळी ते देऊळ पाव तासाची वाट. माझी कोपरं निम्म्या वाटेतच भरून आली, आणि मावशीने ती तसबीर कशी धरली असेल ते मला तेव्हा कळलं. तिच्या घरासमोर ती पायरीवर उभी होती. आम्ही पुढे गेलो तशी ती उतरली आणि मधल्या मोकळ्या जागेत, म्हणजे माझ्या आणि आळीच्या मधोमध, चालू लागली. तिने माळ सुरू केली. साऱ्या जगावर दया कर म्हणताना ती अडखळली की नाही, ते मला पाहता आलं नाही. पण हळूहळू मागून लोकांचे आवाज मिळत गेले. कात्रीन एकटी म्हणते आणि आपण ऐकतो हे त्यांनाही बरं दिसलं नसावं.

देवळाच्या पायऱ्यांवर फादर एलायस उभे होते. ते आमच्याकडे नवीनच आलेले, तरुण होते, पण आदल्या दिवसाची सगळी बातमी त्यांच्या कानावर गेलेली दिसत होती. पटांगण भरलेलं होतं, बाकीच्या आळ्यांतूनही लोक आले होते, पाचेकशे माणूस सहज असेल. तसबीर आत घेण्याआधी फादर नवव्या घरच्या माणसाला एक प्रश्न विचारतात. त्या माणसाने आपल्या घरच्या आजाऱ्यांची, मयतांची नावं घ्यायची. कोणी दोन घेतं, कोणी दहा. लोक आमेन म्हणतात आणि सगळे आत जातात.

"इनास तुस्कानो," फादर म्हणाले, "कोणासाठी दया मागायला आलास?"

पुढे काय झालं ते लोकांना ठाऊक आहे. त्या दिवशी देवळापुढे जे बोललो तेच मी जूनमध्ये कोर्टात सांगितलं, वकिलाने कपाळावर हात मारला, आणि मला दीड वर्षाची शिक्षा झाली. ती मी पुरी भोगली. कात्रीनमावशी मला भेटायला कधी आली नाही, आणि सुटून आल्यावर तिने मला मिठी मारली वगैरे काही झालं नाही. मरेपर्यंत ती मला ओ देत होती, एवढंच. मी कधी तिच्याकडे माफी मागितली नाही, कारण तिला जे जमत नव्हतं ते पुन्हा तिच्याकडूनच मागणं मला बरं वाटलं नाही.

पण त्या पायरीवर मला यातलं काही माहीत नव्हतं. मला माझ्या हातांतलं वजन माहीत होतं, आणि शेजारी फिलू माझ्या सदऱ्याची बाही धरून उभी होती ते. मी म्हणालो, "माझ्यासाठी."

फादर थांबले. मला वाटलं, ते हात पुढे करतील. त्यांनी केले नाहीत.

"आणि रॉक आल्मेडाच्या नावाने," मी म्हणालो. आवाज फादरपर्यंत जाईल एवढाच निघत होता. "तो चोर नव्हता. माझा पंप चालू राहिला होता, शेजाऱ्यांच्या वाडीत पाणी शिरत होतं, तो पंप बंद करायला आला होता. पंप बंद करून, दाराला कडी घालून घरी चालला होता. तार मी लावली होती. चालू मी ठेवली होती. मी खोटं बोललो."

पुढच्या चार-सहा जणांनी ते ऐकलं. जुझेकाका माझ्या इतक्या जवळ होता की त्याचा श्वास मला ऐकू येत होता. तो हळूच म्हणाला, "वकिलाला विचारलंस काय रे हे बोलायच्या आधी?" आणि मग त्याच्याच लक्षात आलं असावं की आपण काय बोललो, कारण त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला. मागे पटांगणात लोक एकमेकांना विचारत होते, काय म्हणाला, काय म्हणाला तो.

कात्रीनमावशी माझ्या मागे दोन पायऱ्या खाली होती. ती पुढे आली नाही. तिने मला हात लावला नाही. रडलीही नाही.

"मोठ्याने बोल," ती म्हणाली. "मागच्यांना ऐकू गेलं नाय."

मी तसबीर छातीशी घट्ट धरली, आळीकडे तोंड करून वळलो आणि मोठ्याने बोललो.